नन झाली की व्हॉलंटियर?

इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर वसईकडचं एक कॅथलिक कुटुंब राहतं. त्यांची मुलगी दोन वर्षांसाठी टांझानियातल्या एका मिशन शाळेत शिकवायला निघाली. ही बातमी जिना उतरून खाली येईपर्यंत तिची नन झाली होती. तळमजल्यावरच्या आजींनी तिच्या आईचा हातच धरला. "अगं, एकुलती एक ना तुझी? आता लग्न नाहीच करणार का ती?" आई हसली. "आजी, ती व्हॉलंटियर म्हणून चाललीय. सिस्टर नाही बनून राहिली." आजींचं काही समाधान झालं नाही. काम मिशनचं, पाठवणारं चर्च, जायचं सातासमुद्रापार; मग फरक तो काय राहिला?

आजींना हसण्यात अर्थ नाही, आपल्या भाषेनेच हा घोळ घालून ठेवलाय. ‘मिशनरी’ या एका शब्दात आपण सगळ्यांना कोंबतो. शिवाय तो शब्द शाबासकीचाही आणि संशयाचाही. अमका मास्तर मिशनरी वृत्तीने शिकवतो म्हटलं की कौतुक, आणि अमका मिशनरी आहे म्हटलं की भुवया वर. ‘सिस्टर’चं तर विचारूच नका. दवाखान्यातली नर्स सिस्टर, कॉन्व्हेंटमधली ननही सिस्टर, आणि मिशनच्या दवाखान्यात कित्येकदा दोन्ही एकच बाई.

ननपासून सुरू करू. नन, मराठी कॅथलिकांच्या भाषेत धर्मभगिनी, तीन व्रतं घेते: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. ही एका दिवसात होणारी गोष्ट नाही. १९८३ च्या चर्च कायद्याप्रमाणे आधी किमान १२ महिन्यांचं नॉव्हिशिएट, म्हणजे उमेदवारीचा काळ. मग तात्पुरती व्रतं, साधारण ३ ते ६ वर्षांसाठी, आणि त्यानंतर कायमची. मधल्या टप्प्यावर ‘हे मला जमणार नाही’ म्हणून बाहेर पडता येतं आणि पुष्कळजणी पडतातही. कायमच्या व्रतांनंतर मात्र सुटका मागायची तर अर्ज थेट रोमपर्यंत जाऊ शकतो.

दारिद्र्य हा शब्द आपल्याला अलंकारिक वाटतो, पण तो हिशेबाच्या वहीपर्यंत उतरतो. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या ननचा पगार तिचा नसतो, तो तिच्या धर्मसंघाच्या खात्यात जातो. मग त्यावर टीडीएस कापायचा की नाही, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं खटला चालला. संघांचं म्हणणं असं की व्रत घेतलेली व्यक्ती व्यवहाराच्या दृष्टीने मेल्यासारखीच असते, तिला स्वतःचं उत्पन्नच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही आणि कर कापला जाणार हे नक्की झालं. निकाल काहीही लागो, कोर्टात उभं राहून ‘आमचा पगार आमचा नाही’ असं सांगणारी माणसं म्हणजे नन आणि फादर, एवढं यातून आजींनाही कळेल.

व्हॉलंटियरकडे व्रत नसतं, करार असतो. त्यावर सुरुवातीची तारीख असते आणि शेवटचीही. राहणं-जेवण, थोडा हातखर्च, आरोग्य विमा आणि बहुधा जाण्यायेण्याचं तिकीट. लग्न झालेलं चालतं. अमेरिकेतल्या मेरीनॉल या कॅथलिक मिशन संस्थेच्या प्रापंचिक शाखेतर्फे नवराबायको मुलाबाळांसकट जातात, आणि त्यांचा करार काही वर्षांचा असतो. प्रापंचिक म्हणजे संसारी, ज्याने ना दीक्षा घेतली ना व्रत. अशी माणसं पाठवण्याची पद्धत फार जुनी नाही. येशूसंघीय, म्हणजे जेझुइट फादरांच्या ‘जेझुइट व्हॉलंटियर्स’ची सुरुवात १९५६ मध्ये अलास्कात झाली, आणि मिशनचं काम संसारी माणसाचंही आहे असं जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ठासून सांगितलं ते १९६५ मध्ये. त्याआधी मिशनवर जाणारा म्हणजे झगा घातलेला, हे समीकरण बऱ्यापैकी खरं होतं. आजींचं ज्ञान त्या काळातलं आहे, चूक नाही.

साधं राहणं, एका घरात चारजणांनी मिळून राहणं, संध्याकाळची प्रार्थना: हे व्हॉलंटियरच्या घरीही असतं, आणि बाहेरून पाहणारा फसतो तो इथेच. कपड्यांवरूनही ओळखता येत नाही. कित्येक नन साध्या साडीत किंवा सलवार-कमीजमध्ये फिरतात. दहा दिवसांसाठी जाऊन शाळेची भिंत रंगवून फोटो काढून येणारी मंडळी हा तिसराच प्रकार. त्यांचा इथे विचार करत नाही.

मला विचाराल तर खरा फरक ब्रह्मचर्याचा नाही, आज्ञापालनाचा आहे. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या इंदूरकरांना तो एका शब्दात कळेल: बदली. व्हॉलंटियर देश निवडते, काम निवडते, कधी जायचं ते ठरवते. नन यातलं काहीच निवडत नाही. ती एकदाच निवडते, पुढचं सगळं तिच्यासाठी दुसरं कोणी ठरवतं.

आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. संघाने आधी बिजनौरला पाठवलं, मग सतना भागात, आणि १९९२ मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला. केरळच्या मुलीला हिंदी मुलूख म्हणजे परदेशच की! उदयनगरमध्ये त्यांनी भूमिहीन आदिवासींना सावकाराच्या कर्जातून सोडवायला बँकेची आणि बचत गटांची वाट दाखवली, आणि ते काहींना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, लोकांच्या डोळ्यांदेखत, त्यांना भोसकून मारलं. त्या ४१ वर्षांच्या होत्या. मारणारा तुरुंगात असताना त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही ननच, त्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केलं गेलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. त्या उदयनगरला राहिल्या कारण त्यांना तिथे पाठवलं होतं. पण तिथे इतकं झोकून देऊन काम करायची सक्ती कोणी केली नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. आज्ञा गावापर्यंत नेते, पुढचं ज्याचं त्याचं.

आता दुसरी बाजू, जगाच्या पार दुसऱ्या टोकाची. २ डिसेंबर १९८० ला मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशात नॅशनल गार्डच्या शिपायांनी चार अमेरिकन स्त्रियांवर अत्याचार करून त्यांना ठार केलं. मॉरा क्लार्क आणि आयटा फोर्ड या मेरीनॉलच्या नन, डॉरथी कॅझेल अर्सुलाईन संघाची नन. चौथी जीन डोनोव्हन, वय २७, क्लीव्हलंडहून आलेली. ती नन नव्हती. एका मोठ्या हिशेबतपासणी कंपनीतली चांगली नोकरी सोडून ती व्हॉलंटियर म्हणून आली होती, आणि तिला लग्न करायचं होतं. त्या रात्री जीन आणि डॉरथी व्हॅन घेऊन विमानतळावर बाकीच्या दोघींना आणायला गेल्या होत्या. एकाच गाडीत चौघी, काम एकच, मरणही एकच. अजूनही लोक ‘चार नन’ असंच लिहून टाकतात.

पण जीनला परत जाता येत होतं. तिच्यावर कोणाचं आज्ञापालन नव्हतं. त्याच वर्षी २४ मार्चला तिथले आर्चबिशप रोमेरो यांना प्रार्थनाविधी चालू असताना गोळी घातली होती, रस्त्यांवर प्रेतं सापडत होती, घरचे आणि मित्र ‘ये’ म्हणत होते. ती सुट्टीवर देशाबाहेर जाऊन आली, आणि परत कामावर रुजू झाली. तिथल्या पोरांना सोडून जाववत नाही, असं तिने पत्रात कळवलं होतं. ननने एकदा ‘हो’ म्हटलेलं असतं. व्हॉलंटियरला ते दर सकाळी नव्याने म्हणावं लागतं, कारण तिकीट पेटीत असतं. कोणाचं अवघड, हे मला ठरवता आलेलं नाही. आजवर मला ननचं वाटायचं. जीनबद्दल वाचल्यापासून तेवढी खात्री राहिली नाही.

आपलं सरकारसुद्धा या दोघांची गल्लत करत नाही. धर्मकार्यासाठी भारतात येणाऱ्या परदेशी माणसाला मिशनरी व्हिसा लागतो. नोंदणीकृत संस्थेत बिनपगारी सेवा करायला येणाऱ्याला एम्प्लॉयमेंट व्हिसावर त्या संस्थेचं नाव घालून शिक्का मिळतो. ओसीआय कार्डवाल्यांनाही, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही, मिशनरी कामासाठी २०२१ च्या नियमांप्रमाणे वेगळी परवानगी घ्यावी लागते. वरच्या मजल्यावरच्या मुलीची उलट दिशेची कागदपत्रं मी पाहिली: पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणी, तिच्या पॅरिशच्या फादरचं पत्र, मुलांच्या सुरक्षेबद्दलची हमी. कुठेही ‘व्रत’ हा शब्द नव्हता. कोणाच्या घरात असा विषय निघाला तर कराराची शेवटची तारीख, विमा, आणि मध्येच परत यावं लागलं तर तिकिटाचे पैसे कोण देणार, एवढं तरी विचारून घ्या. ननच्या बाबतीत हे प्रश्नच उद्भवत नाहीत. म्हातारपणीही तिला संघच सांभाळतो.

परवा मुलगी निघाली. जिन्यात बॅगा, वजनकाट्यावरून वाद, आईचं डोळे पुसणं. आजींनी लवंग शेवेचं पाकीट तिच्या हातात कोंबलं. आता त्यांना फरक पटलेला होता, निदान लग्नापुरता तरी. म्हणाल्या, "दोन वर्षांनी येणार ना नक्की?"

"नक्की, आजी."

"मग तिथल्या पोरांना सांगितलंस का तसं?"

ती बॅगेची चेन लावता लावता थांबली. "पहिल्याच दिवशी सांगा, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय," ती म्हणाली, आणि शेव ठेवायला बॅग पुन्हा उघडली.