पाऊस, बंद खिडक्या आणि बाळाचा खोकला

आमच्या मेडिकलच्या सर्व ग्राहकांसाठी. हा कागद घरी न्या आणि दिवसभर बाळ सांभाळणाऱ्या आजीलाही वाचून दाखवा.

दरवर्षी जून संपता संपता काउंटरवर हेच चित्र असतं. ओली छत्री दाराशी टेकवून कुणीतरी आत येतं, पिशवीतून गेल्या वर्षीची अर्धी उरलेली खोकल्याची बाटली काढतं आणि म्हणतं, "हेच द्या, मागच्या वेळी यानेच बरं वाटलं होतं." तान्ह्या बाळासाठी असेल तर आम्ही देत नाही. त्यावरून वाईटपणाही येतो. म्हणून कारण इथे सांगतो.

"भिजला म्हणून सर्दी झाली" असं आपण सगळेच म्हणतो. पण विषाणू पावसातून येत नाही, दुसऱ्या माणसाकडून येतो. ऋतूचा संबंध मात्र खरा आहे. श्रीनगरला फ्लूचा हंगाम हिवाळ्यात असतो. थंड, कोरड्या हवेत हा विषाणू जास्त टिकतो आणि नाकाची आतली ओलही सुकते. आपल्या पुण्याकडे मोठी लाट येते ती पावसाळ्यात, आणि धाकटी जानेवारी ते मार्चच्या सुमारास. २००९ मध्ये स्वाइन फ्लूमुळे इथल्या शाळा बंद कराव्या लागल्या, तेही ऐन ऑगस्टमध्ये. पावसाळ्यात ऊन नसतं, खिडक्या लावलेल्या, लंगोट घरातच दोरीवर, आणि नेमक्या त्याच वेळी शाळा-बालवाड्या सुरू होतात. मोठा दादा वर्गातून नाक पुसत येतो, बाळाचा पापा घेतो आणि चार-पाच दिवसांत पाळण्यातलं बाळ खोकू लागतं.

बाळांच्या बाबतीत जास्त जपायचं ते आरएसव्ही या विषाणूपासून. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळ्याच मुलांना तो एकदा तरी गाठतो. मोठ्यांना बहुधा नुसती सर्दी होते. तान्ह्या बाळाच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या मात्र सुजतात, चिकट कफाने भरतात आणि छाती घरघरते. टेबल, खेळणी, दाराची कडी यांवर तो काही तास जिवंत राहतो. म्हणून बाहेरून आल्यावर आधी साबणाने हात, मग बाळ.

यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. ती जिवाणूंवर चालते. आणि सर्दी-खोकल्याची मिश्र औषधं? क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. घरातली बाटली एकदा उलटून वाचा.

नाक चोंदलं असेल तर दूध पाजण्याआधी सलाइनचे थेंब घाला. एवढ्यानेच बाळ पुन्हा नीट पिऊ लागतं, हे आम्ही किती आयांकडून ऐकलंय! नाकात तेल मात्र घालू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं. शेगडीवर ओवा-लसणाची धुरी देण्याची रीत प्रेमापोटीच आहे, पण सुजलेल्या नळ्यांना धूर सोसत नाही. उदबत्ती आणि डासांची कॉइलही बाळाच्या खोलीत नको. पाऊस थांबला की दोन खिडक्या समोरासमोर उघडा. एक वर्षाच्या आत मध चाटवू नका.

फ्लूची लस सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दरवर्षी घ्यावी, असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. पहिल्यांदाच घेताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि त्यानंतर ताकद यायला दोन आठवडे जातात. हिशोब केला तर एप्रिल-मे मध्येच डॉक्टरांशी बोलायला हवं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. तिथे घरातल्या मोठ्यांनी घ्यावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाळ शांत असताना झबलं वर करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पोट उडतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ अंगावर पीत नाही, ओठ निळसर दिसतात, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे, तर आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. रात्री गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा.