कमीत कमी म्हणजे कमी नव्हे

“कमी म्हटलंय की सर, म्हणून कमीचं चिन्ह घातलो.”

बेळगावच्या वडगावात गणिताची शिकवणी घेताना असमानतांचा, म्हणजे ≤ आणि ≥ चिन्हांचा, धडा आला की हे वाक्य ऐकायला मिळतंच. पोरगं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं असतं, पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेऊन आता इंग्रजीत गणित सोडवतं. प्रश्नातल्या ‘अ‍ॅट लीस्ट २०००’चं ते मनात ‘कमीत कमी २०००’ करतं आणि वहीत उमटतं: कमाई ≤ २०००.

त्याला तरी काय बोलणार? बेळगावात तीन भाषा कानावर पडतात आणि इथे तिन्ही एकच खोडी काढतात. मराठीच्या ‘कमीत कमी’त कमी आहे, इंग्रजीत ‘लीस्ट’ आहे आणि कन्नडमध्ये चक्क ‘कनिष्ठ’. ‘कनिष्ठ वेतन’ म्हणजे हलका पगार नव्हे, आपलं किमान वेतन. (कमालीला कन्नडमध्ये ‘गरिष्ठ’ म्हणतात. आपल्याला तो शब्द चौथ्या पुरणपोळीनंतर आठवतो.)

म्हणून मी पोरांना सांगतो, शब्द सोडा, भांडण कुठल्या बाजूला होईल ते बघा. आठवड्याला किमान २००० रुपये ठरलेत. हातात १९९० पडले तर कुरबुर होणार, २५०० पडले तर कोण तक्रार करतंय? म्हणजे चालणारी बाजू वरची: ≥ २०००. आता कमाल घ्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तासांची मर्यादा घातली. ४७ तासांना हरकत नाही, ४९ झाले की वाद. म्हणून ≤ ४८. दोन्हीकडे काठावरचा आकडा चालतो. ‘२००० पेक्षा जास्त’ म्हटलं तर मात्र २००० चालत नाही, चिन्हाखालची रेघ जाते.

खरी गंमत दोन्ही अटी एकत्र आल्यावर होते. समजा, खानापूरहून रोज बेळगावला येणारी एक डिग्रीची मुलगी आहे. झेरॉक्सच्या दुकानात तासाला ७० रुपये मिळतात, लहान मुलांच्या शिकवणीचे तासाला १५०. कॉलेज सांभाळून आठवड्याला जास्तीत जास्त २० तास निघतात, कमाई किमान २००० हवी. (बसभाडं वजा करायला नको. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून राज्यातल्या बायकांना, म्हणून तिलाही, साध्या सरकारी बसला तिकीट नाही.)

झेरॉक्सचे तास क्ष, शिकवणीचे य.

क्ष + य ≤ २०
७०क्ष + १५०य ≥ २०००

वीसच्या वीस तास भरले, म्हणजे य = २० − क्ष, असं धरून दुसऱ्या अटीत घाला:

३००० − ८०क्ष ≥ २०००
−८०क्ष ≥ −१०००
क्ष ≤ १२.५

शेवटच्या पायरीला ऋण संख्येने भागलं म्हणून चिन्ह उलटलं. हा नियम पोरं पाठ करतात आणि पेपरात विसरतात. त्यापेक्षा त्या मुलीकडे बघा. झेरॉक्सला दिलेला प्रत्येक तास शिकवणीतून कापला जातो, तासामागे ८० रुपये बुडतात. त्यामुळे कमाईची ‘किमान’ अट झेरॉक्सच्या तासांवर ‘कमाल’ होऊन बसते. तेच गणित शिकवणीच्या बाजूने मांडलं तर १४०० + ८०य ≥ २०००, म्हणजे य ≥ ७.५. इथे चिन्ह हललंच नाही.

आता तास पूर्णच धरायचे असतील तर? साडेबाराचे तेरा आणि साडेसाताचे आठ, असं शाळेतल्या सवयीने होतं. पण १३ आणि ८ मिळून २१ तास! किमान असेल तर वरचा पूर्णांक घ्यायचा, कमाल असेल तर खालचा, मग अपूर्णांक अर्ध्याहून मोठा असो की लहान. खिशात ५०० रुपये आणि कुंद्याच्या मिठाईचा डबा १३० चा, तर भागाकार ३.८४ येतो. म्हणून दुकानदार चौथा डबा देत नाही.

तेव्हा झेरॉक्स १२ तास, शिकवणी ८. ताळा करा: ८४० + १२०० = २०४०. एक तास इकडचा तिकडे करून १३ आणि ७ केले, तर १९६०. चाळीस रुपये कमी.