मिक्सरचं बिल कोरं का होतं?

सोलापूरच्या जुन्या घरांत माळ्यावर पत्र्याची ट्रंक हमखास सापडते. घरपट्टीच्या पावत्या, लग्नपत्रिका, पिवळी पडलेली वर्तमानपत्रं, आजोबांच्या गिरणीतली पगाराची चिठ्ठी. ती चिठ्ठी आजही वाचता येते; चार उन्हाळ्यांपूर्वीचं मिक्सरचं बिल मात्र साफ कोरं!

कारण त्या बिलावर शाई नव्हतीच. थर्मल कागदावर बिनरंगी रंगद्रव्य आणि बहुधा बिस्फेनॉलसारखा आम्लधर्मी पदार्थ यांचा लेप असतो. प्रिंटरचा तापलेला भाग टेकतो तिथे लेप वितळतो, दोघांची गाठ पडते आणि काळं अक्षर उमटतं. ताज्या बिलावर नख जोरात ओढून पाहा, घर्षणाच्या उष्णतेनेही काळी रेघ उठते. ही गाठ टिकाऊ नसते. ऊन, तेलकट हात आणि पीव्हीसी मऊ ठेवायला घातलेली रसायनं ती सोडवतात. म्हणजे जपून ठेवायला घेतलेलं प्लास्टिकचं पाकीटच बिल पुसतं. त्यात मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्याचं काय सांगावं! बिलाचा फोटो किंवा साधी झेरॉक्स त्याच आठवड्यात काढावी.

वर्तमानपत्राची गोष्ट वेगळी. त्यात लाकडातलं लिग्निन उरलेलं असतं. हवा आणि उजेड लागला की ते पिवळं पडतं, कागदातलं आम्ल सेल्युलोजचे धागे तोडतं आणि घडीवर कागद तुटतो.

मग कोरं बिलसुद्धा टाकवत का नाही? कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना कॉफीचे मग फुकट दिले आणि किती घेऊन विकाल, असं विचारलं. बाकीच्यांना विचारलं, कितीला घ्याल? मालकांनी साधारण दुप्पट किंमत सांगितली. कॉफीचे मग तेच, फक्त ते आता ‘आपले’ झाले होते.

म्हणून प्रश्न उलटा विचारावा: हा कागद आज रस्त्यात सापडला असता तर घरी आणला असता का? खरेदीखत अर्थातच राहील, आणि त्याला लॅमिनेशन नको, ते पुन्हा निघत नाही. सातबारा डिजिटल सहीसह ऑनलाइन मिळतो, त्याच्या जुन्या झेरॉक्सचे गठ्ठे कशाला?

थर्मल बिलं तेवढी रद्दीवाल्याच्या तराजूत घालू नका. त्यांतलं बिस्फेनॉल पुनर्वापरातून नव्या कागदात उतरतं.