जुन्या डल्सिमरमधला साडेसहावा पडदा : पार्श्वभूमी

माउंटन डल्सिमर हे अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरांतले तीन-चार तारांचे वाद्य. जुने डल्सिमर पहिल्यांदाच विकत घेणारा माणूस ते मांडीवर आडवे ठेवतो आणि डी-ए-डी, म्हणजे सा-प-सा असे लावतो. मग एकेक पडदा वर चढत जातो. धैवतापर्यंत सगळे ठीक असते. पुढे शुद्ध निषादाच्या जागी कोमल निषाद लागतो आणि त्यानंतर थेट तार षड्ज. ‘एक पडदा निखळलाय’ असा त्याचा समज होतो आणि दुरुस्तीच्या यादीत हीच पहिली मागणी लिहिली जाते. पडदा मात्र निखळलेला नसतो, तिथे तो कधी नव्हताच. हा साडेसहावा, म्हणजे सहाव्या आणि सातव्या यांच्या मधला पडदा आता बसवावा की नाही, यावर अमेरिकेतल्या वादकांत आणि कारागिरांत अजून एकमत नाही. वाद समजायला वाद्य कुठून आले ते थोडक्यात पाहावे लागते.

लांबट पेटीवर ताणलेल्या तारा, त्यांतल्या एक-दोन तारांखाली पडदे आणि बाकीच्या तारा नुसत्या आस देणाऱ्या, म्हणजे एकच स्वर धरून ठेवणाऱ्या, अशी वाद्ये उत्तर युरोपात जुनी आहेत. जर्मनीतल्या शाइटहोल्टचे वर्णन १६१९ च्या एका संगीतग्रंथात सापडते. नॉर्वेचे लांगेलाइक आणि फ्रान्सच्या व्होज डोंगरातले एपिनेट ही त्याच कुळातली. जर्मन वसाहतकऱ्यांबरोबर शाइटहोल्ट पेनसिल्व्हेनियात आले आणि तिथून शेनान्डोआ खोऱ्याच्या वाटेने दक्षिणेकडे ॲपलाचियन डोंगरांत उतरले. या प्रवासात पडद्यांची पट्टी पेटीच्या कडेवरून उठून मधोमध, उंच ठोकळ्यावर आली, आणि हाच डल्सिमरचा खरा जन्म. व्हर्जिनियातल्या एका वाद्यावर १८३२ ची तारीख आहे.

नावाचा गोंधळ आजही खरेदीत नडतो. युरोपात ‘डल्सिमर’ म्हणजे काड्यांनी वाजवायचे, आपल्या संतूरच्या जातीचे वाद्य. डोंगरातल्या या वाद्याचा त्याच्याशी रचनेने काही संबंध नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात, दानिएलच्या पुस्तकात, वाद्यांच्या यादीत हा शब्द आहे आणि डोंगरातल्या लोकांनी तो तिथून उचलला असावा, असे बरेच जण मानतात. बोलीत त्याचे ‘डल्सिमोर’ झाले. विक्रीच्या जाहिरातीत नुसते ‘जुने डल्सिमर’ असेल तर आधी छायाचित्रात तारा मोजाव्यात. तीन-चार असतील तर हे वाद्य, पन्नास-साठ असतील तर ते दुसरे.

एकोणिसाव्या शतकात प्रत्येक खोऱ्याने आपापला आकार घडवला. व्हर्जिनियात लांब अंडाकृती, तर टेनेसीत सरळ चौकोनी खोका. केंटकीच्या नॉट काउंटीत १८७१ पासून एका कारागिराने कमरेत बारीक, डमरूसारखी वाद्ये क्रमांक आणि तारीख घालून विकली, आणि तोच आकार पुढे जगभर ओळखीचा झाला. त्याच काउंटीत १९०२ मध्ये निघालेल्या निवासी शाळेत येणाऱ्या पाहुण्यांनी ही वाद्ये उत्तरेकडच्या शहरांत नेली. वादनाची रीत साधी होती. डाव्या हातात बोटभर लाकडी दांडी धरून ती एकाच तारेवर घसरवायची आणि उजव्या हातात टर्कीच्या किंवा हंसाच्या पिसाचा देठ धरून सगळ्या तारा छेडायच्या. पडदे बऱ्याचदा फक्त त्या एका तारेखालीच असत, तार वाकवून ठोकलेल्या स्टेपलसारखे. असे अर्धे पडदे पाहून कुणी ‘अपुरे काम’ म्हणून ते लांबवायला देऊ नये.

खरी उलथापालथ १९५० ते १९८० या काळात झाली. केंटकीहून न्यूयॉर्कला गेलेल्या एका गायिकेमुळे शहरी लोकसंगीताच्या मंडळींनी हे वाद्य हाती घेतले. १९६० च्या दशकात ते कॉफीगृहांत पोहोचले, आणि १९७० च्या दशकात घरी जोडायचे संच निघाले. काही संचांची पेटी पुठ्ठ्याची होती, काहींची पातळ प्लायवूडची. नव्या वादकांना दांडी नको होती. त्यांना तिन्ही तारा बोटांनी दाबून स्वरमेळ वाजवायचे होते, तेही गिटारच्या जोडीने, एकाच पट्टीत, गाण्यागणिक तारा न उतरवता. शुद्ध निषादाची अडचण इथे सुरू झाली.

जुनी माणसे पडदा वाढवत नसत, तार बदलत. सगळे पडदे एकाच सप्तकाचे असल्यामुळे वरची तार कुठे लावली यावर षड्ज कोणत्या पडद्यावर पडतो ते ठरते, आणि षड्ज सरकला की थाट बदलतो. आपल्या मूर्च्छनेचाच हा प्रकार. खर्ज डी आणि मधली ए ठेवून वरची तार डी लावली की उघड्या तारेपासून खमाज मिळतो. तीच तार ए ला उतरवली की तिसऱ्या पडद्यापासून बिलावल. सी ला लावली तर पहिल्या पडद्यापासून आसावरी, आणि जी ला लावली तर चौथ्यापासून काफी. डी ही पट्टीही पक्की नव्हती, गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे वाद्य वरखाली लावत. सहाव्या आणि सातव्या पडद्यांच्या मध्ये एक जादा पडदा ठोकला की सा-प-सा लावणीतच खमाज आणि बिलावल दोन्ही मिळतात. हा साडेसहावा पडदा १९७० च्या दशकात रुळू लागला आणि पुढच्या दशकात नव्या वाद्यांवर सर्रास दिसू लागला. पुढे दीडावाही आला, आणि आज बाराही स्वरांची डल्सिमर बनतात.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा नुसत्या जुनेपणाचा नाही, आणि तो मला वजनदार वाटतो. बऱ्याच जुन्या कारागिरांनी पडदे कानाने, आस देणाऱ्या तारांशी जुळवून बसवले होते. समजा नटापासून (खुंट्यांकडच्या टेकूपासून) घोडीपर्यंत ७०० मिमी अंतर आहे. आजच्या समान अंतराच्या (सप्तकाचे बारा सारखे भाग केलेल्या) स्वरांत गांधार, म्हणजे दुसरा पडदा, नटापासून १४४.४ मिमीवर येतो. तानपुऱ्यात ऐकू येणारा, पाच-चार प्रमाणाचा गांधार मात्र १४० मिमीवर. साडेचार मिलिमीटरचा हा फरक साध्या पट्टीनेही दिसतो. म्हणून जुने वाद्य हाती आले की आधी दुसरा पडदा मोजावा, कारण वाद्य कोणत्या कानाने बनले ते तिथे कळते. तो १४० च्या जवळ असेल आणि कुणी तयार तक्त्यावरून साडेसहावा पडदा ३२९.२ मिमीवर ठोकला, तर तो आसेशी खटकणार, कारण त्या वाद्याचा निषाद ३२६.७ च्या आसपास हवा. शिवाय पट्टीत पाडलेली खाच परत भरून येत नाही, आणि पहिले पडदे हा कारागिराच्या कानाचा एकमेव पुरावा असतो.

दुसरी बाजूही खरी आहे. १९७० च्या दशकातले कारखानी किंवा संचातले वाद्य असेल, पडदे समान अंतराच्या स्वरांचे असतील, तर पडदा जरूर घालावा. नटापासून सातव्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजून दुप्पट करायचे. ती खरी लांबी, कारण घोडी बहुधा किंचित मागे सरकवलेली असते. त्या लांबीच्या ०.४७०३ पटीवर खूण करायची. पडद्याची तार शेजारच्या पडद्यांइतक्याच उंचीची हवी. नवा पडदा उंच झाला तर सहाव्यावर दाबलेली तार त्याला घासून झणझणते. ठेंगणा झाला तर त्याच्यावर दाबलेली तार सातव्याला घासते. खाच पाडण्याआधी पोलादी तारेचा तुकडा चिकटपट्टीने त्या जागी लावून आठवडाभर वाजवून पाहावा. बऱ्याच जणांना तेवढ्यात कळते की वरची तार ए ला उतरवून आपले काम भागते.

लावणी बदलताना तार न बदलणे ही नवशिक्यांची सर्वात महागात पडणारी चूक. ए साठी लावलेली ०.०१२ इंची तार ७०० मिमी लांबीवर सुमारे साडेपाच किलोचा ताण देते. तीच डी पर्यंत चढवली की ताण पावणेदोन पटींहून जास्त होतो, दहा किलोच्या जवळ. वरच्या तारा दोन असतील तर हा भार दुप्पट. जुनी तबली, म्हणजे पेटीची वरची फळी, खचते ती अशी. डी साठी ०.०१० ची तार घ्यावी, मधल्या ए ला ०.०१२ ते ०.०१४, खर्ज डी ला ०.०२२ ते ०.०२४ ची गुंडाळलेली. जुन्या वाद्यांच्या शेपटाशी खिळे असतात, त्यांना टोकाला फास असलेल्या बॅन्जोच्या तारा बसतात.

‘विंटेज’ या शब्दावर विसंबू नये. त्यात तीन वेगळ्या गोष्टी मोडतात : १९५० नंतरच्या पुनरुज्जीवनाआधीची डोंगरातली हातकामाची वाद्ये, १९५०-६० च्या दशकांतली मोजक्या कारागिरांची, आणि नंतरचे संच. फुलीच्या खाचेचा, म्हणजे आपल्याकडचा स्टार स्क्रू मुळापासून असेल तर वाद्य १९३० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचे नाही. ध्वनिछिद्राच्या कडेला लाकडाचे थर दिसले तर प्लायवूड. शिकण्यासाठी हे तिसऱ्या गटातले वाद्यच बरे, कारण त्यात चूक झाली तरी काही अमोल हरवत नाही.

घेताना पडद्यांच्या पट्टीवर लांब सरळ फूटपट्टी उभी धरावी. मध्यभागी मिलिमीटरभर पोकळी चालते, दोनच्या पुढे असेल तर नवशिक्याने ते वाद्य सोडावे. पेटीवर कडेकडेने बोटाच्या पेराने टकटक करावी. जिथे आवाज फुटका येतो तिथे सांधा सुटलेला असतो. सांधा सुटणे ही वाईट बातमी नाही. जुना सरस लाकूड फाटण्याआधी आपण सोडून देतो, आणि जुन्या सरसावर नवा गरम सरस धरतो. आधी कुणी पांढऱ्या पीव्हीए गोंदाने चिकटवले असेल तर तो सगळा काढावा लागतो, त्याच्यावर दुसरे काही नीट चिकटत नाही. ओळखायला कोपऱ्यात गरम पाण्याचा थेंब ठेवावा. सरस चिकट होतो, पीव्हीए पांढरट पडतो.

तबलीला भेग असेल तर लगेच गोंद ओतू नये. ४५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत दोन-तीन आठवडे ठेवले की पुष्कळ भेगा आपोआप मिटत येतात. मग सरस साठ अंशांपर्यंत गरम करून बोटाने आत दाबायचा, हलका क्लॅम्प लावायचा आणि २४ तास हात लावायचा नाही. अर्धा मिलिमीटरहून रुंद भेग दाबून मिटवली तर शेजारी नवी पडते, तिथे त्याच लाकडाची कपची बसवावी. आतून ठिगळ द्यायचे तर दीड ते दोन मिमी जाडीचे, त्याच्या रेषा भेगेला आडव्या ठेवून. हात आत जात नाही, म्हणून बारीक तार भेगेतून आत सोडून ध्वनिछिद्रातून बाहेर काढायची, ठिगळ तिला बांधायचे आणि आत ओढून ताणून धरायचे.

लाकडी खुंट्या घसरत असतील तर सतारीच्या खुंट्यांना लावतात तसा खडू, अडकत असतील तर कोरडा साबण. त्या काढून गिटारच्या चाव्या बसवण्याचा आग्रह बरेच दुकानदार धरतात. त्यासाठी डोक्यात मोठी भोके पाडावी लागतात आणि लोखंडाच्या वजनाने वाद्य मांडीवर कलंडते.

तारांची उंची शेवटी बघावी. बोटांनी वाजवायचे असेल तर पहिल्या पडद्यावर १.३ आणि सातव्यावर २ मिमी पुरे. सातव्यावर एक मिमी कमी करायला घोडी दोन मिमी उतरवावी लागते. मूळ घोडी घासू नये, नवी करून मूळ पिशवीत जपावी. अर्ध्या पडद्यांचे, दांडीने वाजवायचे वाद्य असेल तर सातव्यावर तीन-चार मिमी राहू द्यावेत. उंची ठरली की सातव्या पडद्यावरचा स्वर तारेच्या मध्यावर नुसते बोट टेकवून निघणाऱ्या स्वराशी ताडून पाहावा. पडद्यावरचा चढा असेल तर घोडी नटापासून केसभर दूर, उतरा असेल तर जवळ.