पांढऱ्या पेशी जंतूपर्यंत पोचतात कशा आणि त्याला मारतात कशा: या शोधामागची शंभर वर्षं

गळू पिकलं की त्यातून जो पू येतो तो बराचसा मेलेल्या न्यूट्रोफिल पेशींचा असतो, म्हणजे रक्तातून बाहेर पडून जंतूपर्यंत सरपटत गेलेल्या आणि तिथेच संपलेल्या पांढऱ्या पेशी. यांना वाट कोण दाखवतं आणि पोचल्यावर त्या जंतूला मारतात कशाने, हे दोन प्रश्न. आज उत्तर शोधायला गेलं की सी५ए, आयएल-८, रॅक२ अशी नावं अंगावर येतात आणि माणूस वाचणं सोडून देतो, पण ही नावं कशी आली ते कळलं की विषय खरंच सुंदर आहे, म्हणून लिहितेय.

सुरुवात मेचनिकॉफ या रशियन जीवशास्त्रज्ञापासून. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी त्याने स्टारफिशच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या दिसल्या. यासाठी १९०८ चं नोबेल मिळालं, एर्लिखबरोबर विभागून. पण पेशी बोलावल्या कुणी? थिओडोर लेबर नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने १८८८ च्या सुमारास सशाच्या कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात, बुरशी घालून पाहिलं. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पांढऱ्या पेशींना कडेने आत यावंच लागतं, आणि त्या बुरशीच्या दिशेनेच येत होत्या. म्हणजे तिथून काहीतरी रसायन सुटतंय हे त्याने ओळखलं. पुढे बराच काळ गाडी अडली, कारण हे मोजायचं कसं? १९६२ मध्ये स्टीफन बॉयडनने साधी युक्ती केली, वरच्या कप्प्यात पेशी, खालच्या कप्प्यात रसायन, मध्ये बारीक छिद्रांचा फिल्टर, आणि किती पेशी पलीकडे गेल्या ते मोजायचं. मग एकेक सिग्नल सापडत गेले. रक्तातल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या, जंतूंशी लढणाऱ्या प्रोटीनचा तुकडा सी५ए, १९७५ मध्ये बॅक्टेरियाच्या प्रोटीनच्या टोकाशी असणारे फॉर्मिल पेप्टाइड नावाचे छोटे तुकडे, आणि १९८७ मध्ये आपल्याच पेशी सोडतात तो आयएल-८. जंतूचा वास आणि आपल्या पेशींची हाक, दोन्ही एकाच प्रकारच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या प्रोटीनवर, येतात.

दुसरा प्रश्न, मारण्याचा, वेगळेच लोक सोडवत होते. १९३३ मध्ये बाल्ड्रिज आणि जेरार्ड यांना दिसलं की जंतू गिळताना या पेशी एकदम जास्त ऑक्सिजन ओढतात. तो एनर्जीसाठी लागत असेल असं सगळ्यांनी धरलं. खरं उत्तर आजारी मुलांमुळे मिळालं. १९५७ च्या आसपास अमेरिकेत काही लहान मुलं, बहुतेक मुलगेच, गळवं आणि न्यूमोनिया होऊन दगावत होती, अँटीबॉडी मात्र भरपूर. १९६७ मध्ये मिनेसोटात दाखवलं गेलं की यांच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात पण आत तो जिवंतच राहतो. तो ऑक्सिजनचा झटकाच येत नव्हता. १९७३ मध्ये बॅबियरने दाखवलं की न्यूट्रोफिल त्या ऑक्सिजनचं सुपरऑक्साइड बनवतात, आणि मारायला लागणारी पुढची तिखट रसायनं त्यातूनच बनतात. आजाराचं नाव क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, सीजीडी. १९८६ मध्ये त्याचं एक्स क्रोमोझोमवरचं जीन सापडलं.

मला सगळ्यात थरारक वाटतं ते यापुढचं. १९९१ मध्ये कळलं की सुपरऑक्साइड बनवणारं मशीन जोडायला रॅक नावाचं छोटंसं प्रोटीन लागतं, आणि १९९२ मध्ये लंडनला अॅन रिडली आणि अॅलन हॉल यांच्या टीमने दाखवलं की पेशीची पुढची कड पसरायलाही रॅकच लागतं! एवढी वर्षं दोन प्रश्न म्हणून जे चाललं होतं त्याचा स्विच एकच. रिसेप्टरवर सिग्नल आला की रॅक चालू, रॅक चालू की पाय पुढे आणि शस्त्रही तयार. २००० साली याचा पुरावा एका तान्ह्या मुलाच्या रूपाने आला, रॅक२ मध्ये, म्हणजे न्यूट्रोफिलमधल्या मुख्य रॅकमध्ये, एक बदल, रक्तात न्यूट्रोफिल खूप, पण जखमेत पू नाही, जखम भरत नाही, पेशी नीट चालतही नव्हत्या आणि मारतही नव्हत्या. बोन मॅरो ट्रान्सप्लांटने तो वाचला.

आणि जंतूंना हा स्विच आपल्या आधीपासून माहीत आहे. प्लेगचा जंतू येर्सिनिया आपल्या पेशीत सुईसारख्या नळीतून योप-ई नावाचं प्रोटीन टोचतो आणि ते रॅक बंद करतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यावर लस करणारा हाफकिन ओडेसामध्ये मेचनिकॉफचाच विद्यार्थी होता, १० जानेवारी १८९७ ला त्याने लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण हा जंतू पांढऱ्या पेशींना नेमकं काय करतो हे कळायला आणखी जवळपास शंभर वर्षं गेली.

उपचाराकडे येते. १९८३ मध्ये कार्ल नेथन यांनी दाखवलं की मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या दुसऱ्या पेशींना जंतू मारायला तयार करणारा सिग्नल म्हणजे इंटरफेरॉन गॅमा. १९९१ च्या ट्रायलमध्ये हेच औषध म्हणून दिल्यावर सीजीडीच्या पेशंटमधली गंभीर इन्फेक्शन्स साधारण दोन तृतीयांशाने कमी झाली, गंमत म्हणजे बहुतेकांचं सुपरऑक्साइड वाढलंच नव्हतं, फायदा दुसऱ्याच वाटेने झाला. आपल्याकडे सीजीडीची डीएचआर टेस्ट, म्हणजे पांढऱ्या पेशींना तो ऑक्सिजनचा झटका येतो का हे पाहणारी रक्ततपासणी, मुंबईत परळला, केईएमच्या आवारातल्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते. बाळाला बीसीजी दिल्यावर काखेतली गाठ पिकत राहिली, किंवा मुलाला पुन्हापुन्हा खोल गळवं, लिव्हरमध्ये पू, बुरशीचा न्यूमोनिया असं काही झालं, तर डॉक्टरांना या टेस्टबद्दल जरूर विचारा.