दिवे घाट चढताना दुखणं कुठे जातं?

सासवडच्या मुक्कामी रात्री मलमपट्टीच्या केंद्रावर मी मदतीला होतो. सत्तरीचे एक माळकरी समोर येऊन बसले. टाचेच्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढा फोड, पाण्याने टच्च भरलेला. "माऊली, हा कधी आला?" विचारलं तर म्हणाले, "काय की! घाटात तर काईच कळलं नाही. टाळ गळ्यातून काढला आन् ठणकाया लागलं."

पुणे ते सासवड हा ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीचा सगळ्यात लांब टप्पा. तीस किलोमीटरच्या वर चाल, त्यात दिवे घाटाची चढण, बहुतेकांना एकादशीचा उपास. एवढा मोठा फोड काही टाळ काढल्यावर आलेला नव्हता. तो वाटेतच तयार झाला होता. मग दुखणं इतका वेळ कुठे होतं?

आधी फोडाचं बघू. चप्पल घासून कातडी झिजते म्हणून फोड येतो, असं आपल्याला वाटतं. खरं तर पाऊल टाकताना आतलं हाड पुढे सरकतं आणि ओली कातडी चपलेला नाहीतर मोज्याला चिकटून मागे राहते. या ओढाताणीत कातडीच्या आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. पावसात भिजलेल्या पायांना फोड लवकर येतात ते यामुळे.

आता दुखण्याचं. इजेची खबर पायाकडून मेंदूकडे जाते, पण ती जशीच्या तशी पोचत नाही. ठणक्याची खबर नेणारे चेतातंतू बारीक असतात आणि त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम मीटर-दोन मीटर. स्पर्शाची, दाबाची खबर नेणारे तंतू जाड आणि कितीतरी वेगवान. 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं, की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक 'दार' असतं. स्पर्शाच्या खबरा भरपूर आल्या की ते लोटलं जातं आणि वेदनेची खबर कमी पोचते. त्यांच्या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, मूळ कल्पना टिकली. कोपर आपटलं की आपला हात आपोआप तिथे चोळायला जातो तो याचसाठी. वारीच्या वाटेवर गावोगावची माणसं वारकऱ्यांचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळतात. त्यातली माया तर खरीच, पण मज्जारज्जूतलं ते दारही त्या हातांनी लोटलं जात असतं.

हे दार वरूनही लोटता येतं. मेंदू स्वतः अफूच्या जातीची रसायनं तयार करतो. एंडॉर्फिन हे त्यातलं ओळखीचं नाव. मेंदूच्या तळाकडून खाली मज्जारज्जूकडे निरोप जातात आणि वेदनेची खबर वाटेतच दाबली जाते. लक्ष कुठे आहे, भीती वाटते की आनंद, सोबत कोण आहे, या सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. ऑक्सफर्डमध्ये 12 वल्हेकऱ्यांवर एक प्रयोग झाला. तीच मेहनत एकट्याने केली त्यापेक्षा एका लयीत, गटाने केली तेव्हा त्यांची वेदना सोसण्याची पातळी जास्त वाढली. प्रयोग लहान होता, तरी तो वाचताना मला दिंडीच आठवली. वीणेकरी, मृदंग, शेकडो टाळ, एकच ठेका, एकत्र पडणारी पावलं. घाटात दुखलं नाही हे त्या माऊलींचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते मात्र वेगळं दुखणं. त्याचा दोष अजूनही लॅक्टिक आम्लाला दिला जातो, पण ते तर तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं. खरं कारण म्हणजे स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या सूक्ष्म इजा आणि त्यानंतरची सूज. चढापेक्षा उतार इथे जास्त छळतो, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो. वेळापूरच्या अलीकडे उतारावर वारकरी 'धावा' करतात, म्हणजे धावत सुटतात, तेव्हा मांड्यांवर नेमका हाच भार येतो. हे दुखणं चार-पाच दिवसांत ओसरतं, आणि त्याच स्नायूंना पुढच्या वेळी तसाच त्रास पुष्कळ कमी होतो. महिनाभर आधीपासून चालायचा सराव करा, असं जुने वारकरी सांगतात ते म्हणूनच.

पण वेदना दबली म्हणजे इजा थांबली असं नाही, आणि मला काळजी वाटते ती याचीच. पायाच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येते, रात्री पडल्यावरही ठणकतं, तर हाडाला बारीक चीर असू शकते. गोळी घेऊन त्यावर चालू नये. उपाशीपोटी, पाणी कमी पिऊन घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतात. फोडात दोरा ओवून ठेवायची जुनी पद्धतही सोडायला हवी, कारण दोऱ्यावाटे जंतू आत शिरतात.

डॉक्टरांनी त्या माऊलींचा फोड निर्जंतुक सुईने कडेला टोचला, पाणी काढलं, वरची कातडी तशीच ठेवून पट्टी बांधली. त्या कातडीइतकं चांगलं झाकण दुसरं नाही. मग म्हणाले, "दुसरा पाय दाखवा."

"त्याला काही नाही."

"तरी दाखवा."

तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला होता, भोवती लाली चढलेली. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, माऊली शांत. "साखर आहे का?"

"हाय की, धा-बारा वर्सं झाली."

मधुमेहाने तळव्याचे चेतातंतूच बधिर केलेले. तिथून खबर निघतच नव्हती. काटा काढला, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पुढचे दोन टप्पे पायी जायचं नाही, जखम रोज डॉक्टरांना दाखवायची, आणि चालणं सुरू झालं की रोज रात्री दोन्ही तळवे कुणाकडून तरी बॅटरीच्या उजेडात बघून घ्यायचे, असं सांगितलं. जेजुरीला ते दिंडीच्या ट्रकमधून गेले, टाळ मांडीवर घेऊन.