ज्यूंचा मात्झा आणि चर्चमधला होस्ट, दोन्ही बेखमीर पण एकच नाहीत

ईस्टर आला की ही गल्लत हमखास होते. ज्यूंचा मात्झा, म्हणजे त्यांच्या वल्हांडण सणातली खमीर न घातलेली पातळ भाकर, आणि मिस्सामध्ये (कॅथलिकांच्या उपासनेत) जिभेवर ठेवतात ती पांढरी चकती, म्हणजे होस्ट, हे एकच असं बरेच जण धरून चालतात. पीठ, पाणी, खमीर नाही, इथपर्यंत बरोबरच आहे म्हणा.

मात्झाची खरी भानगड वेळेची. पिठाला पाणी लागलं की १८ मिनिटांच्या आत मळून, लाटून, टोचे मारून भट्टीतून बाहेर आलाच पाहिजे, नाहीतर पीठ आंबायला लागलं असं धरतात आणि वल्हांडणाला तो चालत नाही. कारण गोष्टच घाईची आहे, मिसरच्या गुलामीतून निघताना कणीक फुगेपर्यंत थांबायला वेळ कुणाला होता! पण ही गोष्ट सांगणाऱ्या बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्याच १२व्या अध्यायात, निघायच्या आधीच, कोकराच्या मटणाबरोबर बेखमीर भाकर खा असा हुकूमही आहे, आणि पुढे अनुवाद ह्या पुस्तकात तिलाच दुःखाची भाकर म्हटलंय. म्हणजे गुलामीची आठवणही तीच आणि सुटकेचीही तीच, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं. सेदेरच्या, म्हणजे वल्हांडणाच्या विधीच्या जेवणाच्या रात्री तीन मात्झांतला मधला मोडतात, त्यातला मोठा तुकडा लपवतात, पोरं शोधत बसतात आणि जेवणाच्या शेवटी तो सगळ्यांनी खायचा.

खमीर म्हणजे मनातली वाईट ओढ हा अर्थ तलमूद ह्या ज्यूंच्या धर्मग्रंथातही आहे, पण घरातून ते हद्दपार होतं ते वल्हांडणाचे सात दिवस, इस्राएलबाहेर आठ, मग परत येतं. यरुशलेमचं मंदिर होतं तेव्हा शावुओत ह्या दुसऱ्या सणाला तर मुद्दाम खमीर घातलेल्या दोन भाकरी अर्पण व्हायच्या.

आपल्याकडे कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, वल्हांडणाला अनाशी ढाकाचा सण म्हणायचे, आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचा सण. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हगादात (सेदेरला वाचायच्या पोथीत) मराठी भाषांतर तर आहेच, वर साडी नेसून खाली बसून मात्झा करणाऱ्या बायकांचं चित्रसुद्धा आहे.

आता होस्ट. इथे घाईबिई काही नाही. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं की जुनं खमीर काढून टाका, ख्रिस्त हाच आपला वल्हांडणाचा यज्ञ, म्हणजे मिसरची आठवण मागे पडली आणि शुद्धता पुढे आली. आणि कॅथलिकांसाठी खरी गोष्ट घडते ती प्रीस्टने 'हे माझं शरीर आहे' म्हटल्यावर, त्यानंतर ती भाकर नुसती आठवण उरतच नाही, ते ख्रिस्ताचं शरीरच. म्हणून कणसुद्धा खाली पडू देत नाहीत आणि उरलेले होस्ट वेदीजवळच्या कुलूपबंद पेटीत राहतात, शेजारी दिवा जळत असतो. उरलेल्या मात्झाचं काय करतात? सकाळी भिजवून अंड्यात परततात, मस्त नाश्ता!

अजून एक गोची म्हणजे सगळे ख्रिस्ती बेखमीर वापरतच नाहीत. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स फुगलेला पावच घेतात, त्यांच्या मते खमीर म्हणजे जिवंतपणा, पुनरुत्थान. १०५४ ला रोमचं लॅटिन चर्च आणि पूर्वेकडचं ग्रीक चर्च वेगळं झालं, त्या फुटीत हे भांडण चांगलंच पेटलं होतं. दोन्ही बाजूंना आधार सापडतो, कारण शेवटचं भोजन पहिल्या तीन शुभवर्तमानांत वल्हांडणाचं आहे आणि योहानात वल्हांडणाच्या आधीचं. येशूनेही परुश्यांच्या (त्या काळच्या एका ज्यू पंथाच्या) खमिरापासून सांभाळा असं सांगितलं आणि स्वर्गाच्या राज्याला खमिराचीच उपमा दिली. १४३९ ला फ्लोरेन्सच्या परिषदेने दोन्ही चालतं असं ठरवलं, तरी लॅटिन चर्चने बेखमीर सोडलं नाही आणि ग्रीकांनी पाव सोडला नाही. तेव्हा कुणी 'ख्रिस्ती लोक बेखमीर भाकर खातात' म्हणालं तर आधी विचारा, कुठल्या चर्चचे?